माळावरच्या भट्टीला शेंदूर

मला पाडायचं ठरलं होतं. दिवस ठरला होता, यंत्र ठरलं होतं, माझे दगड कुठं नेऊन टाकायचे तेसुद्धा ठरलं होतं. तरी मी उभी आहे आणि बोलतेय. मी लोखंडाची जुनी भट्टी. मिशिगनच्या पार उत्तरेला जो उघडा माळ पसरलाय, त्याच्या मधोमध माझा मुक्काम.

मला बांधलं समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी. कुणी फिनलंडचे होते, कुणी कॉर्नवॉलचे. बाहेरून दगड, आतून विटांचं अस्तर, खाली कमानीसारखं तोंड आणि वर धुराडं, असा माझा थाट. वरून लाकडी कोळसा आणि खाणीतला लाल दगड ओतायचे, खालून लोखंड वाहायचं. मी रात्रंदिवस पेटलेली असायची. हिवाळ्यात घराघरांतली माणसं माझ्याजवळ येऊन अंग शेकत उभी राहायची, आणि तेव्हा मला धोकादायक म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आता येणारे-जाणारे हळहळतात. इथं केवढं जंगल होतं म्हणे, या भट्टीनं सगळं खाल्लं. अहो, कुऱ्हाड काय माझ्या हातात होती? झाडं तोडून कोळसा करणारे, लोखंड विकणारे आपापले बंगले बांधून गेले. करून गेलं गाव आणि कांदळकराचं नाव, त्यातली गत. मी हे ऐकून घेणार नाही.

जंगल संपलं, तशी कंपनीही उठली. रूळ उखडून नेले. मला कुणी विझवलं असंही नाही. एके दिवशी कोळसा घालायला कुणी आलंच नाही. मग माझ्या अंगावरून किती हिवाळे गेले, मी मोजले नाहीत. जंगलाच्या जागी उरले खुंट, आणि खुंटांच्या भोवती नेचे, राठ गवत, बुटक्या ब्लूबेरीची झुडपं. वारा अडवायला काही नाही. लोक याला ओसाड म्हणतात. ऑगस्टात ब्लूबेरी पिकली की हेच लोक डबे घेऊन येतात, तेव्हा मात्र ओसाड म्हणत नाहीत.

पुढं रुळांच्या जागेवर बारीक खडी टाकून पायवाट केली आणि गाड्या लावायच्या जागेशी पाटी लावली, की ही वाट सोपी आहे. चढ नाही, उतार नाही, बाबागाडीसुद्धा जाते. तेव्हापासून माझ्याकडे माणसांची ये-जा सुरू झाली. कुत्र्याला फिरवायला आलेले, कानात गाणी खुपसून पळणारे, माझ्यासमोर उभं राहून स्वतःचाच फोटो काढणारे. आणि दोन-चार वर्षांत देशी मंडळीही दिसायला लागली. ती लांबूनच ओळखू येतात. साडीखाली पांढरे बूट, चालायचं मैलभर आणि बरोबर जेवण लग्नाच्या पंगतीचं. मला मराठी कशी कळते म्हणाल, तर फिनलंडच्या माणसांचं बोलणं जिनं पचवलं, तिला मराठी काय जड?

दोन हजार सात साली माझ्या धुराड्याची एक वीट पडली. कुणाच्या डोक्यात पडली नाही, गवतात पडली. पण गावाच्या बोर्डाला घाम फुटला. उद्या कुणाला लागलं आणि तो कोर्टात गेला तर? एक इंजिनियर आला, त्यानं मला हातोडीनं ठोकून पाहिलं आणि नारिंगी रंगाच्या डब्यानं माझ्या तोंडाभोवतीच्या दगडांवर ठिपके फवारले. तिथून यंत्र लावायचं होतं. बोर्डात फक्त एका बाईनं विरोध केला, ती हेल्मी. सत्तरी ओलांडलेली, रोज सकाळी कुत्रा घेऊन माझ्यापर्यंत चालत येणारी. तिचं एक मत, बाकी सगळी मतं विरुद्ध. सोमवारी मला पाडायचं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मिशिगनच्याच दक्षिण टोकाच्या ट्रॉय शहरातून आलेलं एक कुटुंब त्या सोप्या वाटेनं आलं. रवींद्र मोटारींच्या कंपनीत कामाला, त्याची बायको पद्मिनी कॉम्प्युटरच्या, दहा वर्षांची सिया, आणि रवींद्रची आई नंदाकाकू, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. काकूंचे गुडघे दुखरे. ट्रॉयमध्ये चालत जायचं तरी कुठं, म्हणून उन्हाळाभर घरात बसून त्या वैतागल्या होत्या.

त्या दिवशी शीतळासप्तमी होती. या दिवशी चूल पेटवायची नाही, तिला गारवा द्यायचा, तिची पूजा करायची आणि आदल्या दिवशीचं थंड खायचं, हे काकूंनी लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं. भाड्यानं घेतलेल्या केबिनमध्ये त्यांनी सकाळी चहासुद्धा करू दिला नाही. रवींद्र पेट्रोल पंपावरची कॉफी पिऊन आला होता आणि अजून कुरकुरत होता. दशम्या, दहीभात, चटणी, सगळं कालचं पिशवीत भरलेलं होतं. पण पूजा राहिली होती. विजेच्या शेगडीला काय हळद लावायची, म्हणून काकू हिरमुसल्या होत्या.

आणि मग त्यांना मी दिसले. माझं तोंड दिसलं, आतली काजळी दिसली, आणि तोंडाभोवतीचे नारिंगी ठिपके दिसले. काकू वाटेतच थांबल्या.

त्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं तो शेंदूर आहे. इतक्या लांब, परक्या मुलखात कुणीतरी चुलीला शेंदूर लावतंय, या आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. रवींद्र मागं फोनला रेंज मिळते का बघत होता, पद्मिनी सियाला टोपी घालत होती. तेवढ्यात काकूंनी पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली, बाटलीतलं पाणी माझ्या उंबऱ्यावर शिंपडलं, प्रत्येक ठिपक्यावर हळद आणि कुंकू लावलं, ब्लूबेरीची एक डहाळी वाहिली आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवला. माझ्या तोंडात आजवर जे गेलं ते जळायलाच गेलं. गार भात मला पहिल्यांदाच कुणी दिला, आणि मला फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

पद्मिनीनं पाहिलं मात्र, तिचा चेहरा उतरला. आपण कुठं आहोत, लोक काय म्हणतील, इथं दंड करतात, असं पुटपुटत तिनं पर्समधून ओले कागदी रुमाल काढले आणि पुसायला वाकली. नेमकी तेव्हाच हेल्मी कुत्रा घेऊन पोचली.

पद्मिनीनं एका दमात चार वेळा सॉरी म्हटलं. आम्ही सगळं क्लीन करतो, सासूबाईंना माहीत नव्हतं, आम्ही लगेच निघतो. मला तिचा राग आला नाही. या देशात आल्यापासून तिनं डब्याच्या वासाबद्दल सॉरी म्हटलं असेल, आपल्या नावाबद्दल म्हटलं असेल. माणूस परक्या जागी असा आखडतो. हेल्मीनं तिला शांत केलं आणि सांगितलं की पुसण्याचे कष्ट कशाला, उद्या ही भट्टी पाडायचीच आहे, हे नारिंगी ठिपके त्यासाठीच आहेत.

सियानं ते आजीला आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं. काकूंना आधी पटेना. शेंदूर नाही? रंग आहे? पाडायचा रंग? त्या लाजतील, चूक झाली म्हणतील असं मला वाटलं. त्या चिडल्या. आमच्याकडे शेंदूर लागलेला दगड मध्ये आला तर रस्ता वळसा घेऊन जातो, आणि हे लोक शेंदूर फासून पाडतात, असं त्या तावातावानं बोलल्या आणि सरळ माझ्या उंबऱ्यावर बसल्या. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस जमिनीवर बसतं तेव्हा ते लवकर उठायच्या बेतात नसतं.

"आई, प्लीज, सीन नको करूस यार," रवींद्र म्हणाला. "ड्राइव्ह मोठा आहे."

हेल्मी मात्र माझ्याकडे पाहत होती. कुंकू, हळद, भात, डहाळी. मग तिनं अगदी सावकाश, एकेक शब्द तोलून विचारलं, की ही तुमची पूजेची जागा आहे का?

पद्मिनीचं तोंड उघडलं होतं, 'नाही' तिच्या ओठांवर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर नाही हेच खरं होतं. तासाभरापूर्वीपर्यंत यांनी मला पाहिलंही नव्हतं. त्या एका शब्दावर माझा जीव टांगलेला होता. सियानं आजीच्या कानाशी लागून प्रश्न सांगितला.

काकूंनी सुनेचा रुमालाचा हात धरून बाजूला केला. "सांग तिला," त्या म्हणाल्या, "आजपासून आहे."

"शी सेज यस," सिया म्हणाली. "स्टार्टिंग टुडे."

हेल्मीच्या सुरकुत्यांतून हसू पसरलं. ती आली त्याच्या दुप्पट वेगानं परत गेली, कुत्र्याला ओढत, बोर्डाला कळवायला.

सोमवारी यंत्र आलं. चालवणारा खाली उतरला, त्यानं माझं मळवट भरलेलं कपाळ पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि बोर्डाला फोन लावला. पुढचं ऐकून माझ्या विटा खदाखदा हसल्या. पूजेची जागा पाडली आणि ते लोक कोर्टात गेले तर? म्हणजे ज्या कोर्टाच्या धाकानं मला पाडायला निघाले होते, त्याच कोर्टाच्या धाकानं यंत्र परत गेलं. बोर्डानं ठरवलं, की वर्षभर थांबायचं. खरंच कुणी पूजेला येतं का ते पाहायचं, आणि कुणी आलं नाही तर मात्र पाडायचं.

मला हे वर्ष जड गेलं. मी देवी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. काकू ऑक्टोबरातच नागपूरला परतल्या होत्या. पावसानं हळद धुतली, बर्फानं कुंकू नेलं, ठिपके तेवढे राहिले, कारण तो रंग चांगला पक्का होता. दुसऱ्या साली ऑगस्ट लागला. बोर्डाची दोन माणसं रोज येऊन पाहून जायची. तरी मी वाकले नाही. पाडायचंच असेल तर उभ्या भट्टीला पाडा, असं माझं म्हणणं होतं.

शीतळासप्तमी शुक्रवारी आली. दुपारी सोप्या वाटेवर एकच बाई दिसली. पद्मिनी. बरोबर नवरा नाही, सिया नाही. ट्रॉयहून एकटीनं गाडी चालवत आली होती. बोर्डाची माणसं आणि हेल्मी तिथंच होती. हेल्मीनं आजीबाईंची चौकशी केली. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, येणार नाहीत, असं पद्मिनी म्हणाली. मग बोर्डाच्या माणसांतल्या एकानं विचारलं, की आज कामाचा दिवस, तुम्हाला सुट्टी कशी मिळाली?

ती आजवर दिवाळीलासुद्धा दाताच्या डॉक्टरकडे जायचंय सांगून सुट्टी घ्यायची, हे ती नंतर हेल्मीला म्हणाली. पण त्या माणसाला तिनं सरळ डोळ्यांत पाहून उत्तर दिलं, आणि त्यात सॉरी नव्हतं.

"मॅनेजरला सांगितलं, माझा सण आहे."

तिनं पिशवी उघडली. कालच्या दशम्या होत्या, दहीभात होता. ठिपक्यांवर लावताना तिचा क्रम चुकत होता, आधी कुंकू लागलं आणि मग हळद. मी कशाला चूक काढू? तिचं झाल्यावर हेल्मीनंही एक बोट पुढं केलं आणि माझ्या दगडावर टेकवलं.

वाचणाऱ्यांनो, मी अजून इथंच आहे. वाट सोपी आहे, कुणीही चालत येऊ शकतं. देव मानत नसाल तरी या, मीही मानत नाही. रिकाम्या हातानं या, चालेल. पण येऊन माझ्यासमोर 'बिचारी' म्हणू नका. एका बाईनं माझ्यासाठी वाकायचं सोडलं आहे, आता मी काय पडणार?