कानसेनाने जुळवलेली गाडी

आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला एक रबरी नळी टांगलेली असते. हातभर लांब, काळी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. घरातली दुसरी कुठलीही वस्तू मी उचलून फेकली तरी ह्यांना महिनाभर पत्ता लागत नाही. पण त्या नळीने मी एकदा टाकीतलं पाणी उपसलं, तर दोन दिवस अबोला.

ती नळी म्हणजे ह्यांचा कान. ह्यांची गाडी ब्रिटिश, दोन सीटची, छप्पर नावापुरतं, वय आमच्या लग्नाहून जास्त. शर्यतीत पळायला म्हणून बनवलेली, आणि आता तेल गळायला म्हणून उभी असलेली. तिच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर. एकावर भागलं असतं, पण बनवणाऱ्यांना सरळ काही आवडत नसावं. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. एक जास्त ओढू लागला की जोडीतला एक बैल पुढे आणि एक मागे, अशी गत. इंजिन थरथरतं, चढावर धापा टाकतं. म्हणून नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं आपल्या कानात. सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. मग दुसऱ्याचा ऐकायचा. दोन्ही सूं एकसारखे होईस्तोवर स्क्रू फिरवत बसायचं.

हे काम करणारी यंत्रं मिळतात बाजारात. पण जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबात ह्यांना सगळे ‘कानसेन’ म्हणतात. असं नाव एकदा पडलं की माणूस यंत्र कसं घेणार?

क्लबात दुसरी अशीच गाडी आहे ती भाऊजींची. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, म्हणजे ह्यांचे साडू. आमची गाडी हिरवी, त्यांची लाल. भाऊजी रोज सकाळी दात घासायच्या आधी गाडी घासतात. हे म्हणतात, “तुझी गाडी पळत नाही रे, नटते.” भाऊजी म्हणतात, “आणि तुझी? जाते तिथे सही करून येते, तेलाने.” दोघांची मैत्री आमच्या लग्नांच्याही आधीची, त्यामुळे साडू-साडूंचा मानपान वगैरे भानगड नाही, अरे-तुरे आणि शिव्या.

वर्षातून एकदा क्लबाची चढाची शर्यत असते. शहराबाहेर टेकडीवर जाणारा वळणावळणाचा रस्ता, एकेका गाडीने एकटीने वर जायचं, घड्याळ लावून. बाकीच्या गाड्यांशी ह्या दोघांना देणंघेणं नसतं. एकमेकांच्या पुढे गेलं की झालं. सुरुवातीच्या वर्षांत जो हरे तो दुसऱ्यावर लबाडीचा आळ घेई, आणि आम्हा बहिणींच्या फोनवर त्याचे पडसाद उमटत. शेवटी ताईने आमच्या ह्यांना समोर बसवून कायदा केला, “शर्यतीआधी तुम्ही ह्यांची गाडी जुळवा, हे तुमची जुळवतील. मग बघते कोण कोणाला लबाड म्हणतो ते.” तेव्हापासून तसंच चालू आहे. साडूची गाडी आपल्यापेक्षा वाईट जुळवली तर नाक कापलं जाईल, म्हणून दोघंही दुसऱ्याच्या गाडीसाठी जीव काढतात. म्हणजे भाऊजी आमची बाकीची गाडी बघतात. कार्बोरेटर दोन्ही गाड्यांचे ह्यांच्याचकडे.

ह्या वर्षी लाल गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा मी नेहमीसारखी पाने-पक्कड हातात द्यायला उभी होते. मी कुठे शिकायला गेले नाही. तीस वर्षं पाने देता देता जे कानावर पडलं तेवढंच. ह्यांनी नळी लावली, डोळे मिटले, स्क्रू फिरवला. पुन्हा नळी, पुन्हा स्क्रू. मला नळीशिवायही पुढच्या कार्बोरेटरचा सूं मोठा वाटत होता.

“अहो, पुढचा जरा जास्त ओढतोय का?”

“तू चहा टाक.”

चहा टाकला. घेऊन आले तर बॉनेट बंद होतं, आणि हे हात पुसत म्हणत होते, “झकास जुळली.”

शर्यतीत आम्ही जिंकलो. थोडंथोडकं नाही, चांगलं दणदणीत. लाल गाडी खालच्या वळणापासूनच खोकायला लागली आणि वर पोचेपर्यंत तिच्यात काही राम उरला नव्हता. हे छाती काढून भाऊजींच्या दारापाशी गेले. “काय पॉलिशवाले! वाटेत पुसायला थांबला होतास की काय?”

दरवर्षी अशा वेळी भाऊजी घड्याळ पुन्हा बघायला मागतात, वाऱ्याला शिव्या देतात, निदान ह्यांच्या टकलाचा तरी उद्धार करतात. ह्या वर्षी ते हळूच उतरले, हातमोजे काढले आणि म्हणाले, “छान चालवलीस.”

हे गडबडले. भाऊजींचं चांगलं बोलणं झेलायची ह्यांना सवय नाही.

चार दिवसांनी ताईचा फोन. “अगं, हे गाडी विकतायत.”

“कुठली?”

“कुठली म्हणजे? माझी स्कूटर का विकतील? लाल! क्लबातले ते दातांचे डॉक्टर आहेत ना, ते रविवारी सकाळी येणार आहेत बघायला. त्यांना कधीची हवी होती.”

“पण का?”

ताईने आवाज खाली आणला. “काल म्हणाले, गाडी तीच, रस्ता तोच, आणि जुळवणारा कानसेन. त्याच्या हातून चूक होणं शक्य नाही. मग राहिलं कोण? मीच. म्हणाले, माझे हातपाय गेले, उगाच कुठेतरी आपटण्याआधी थांबतो. सकाळपासून गाडी पुसलेली नाही गं. मला घरात कसंतरीच होतंय.”

मी फोन ठेवला. साडूचा साडूवर किती विश्वास असावा? आपलं म्हातारपण कबूल करणं त्या माणसाला सोपं गेलं, पण ह्यांच्या कानावर शंका घेणं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

हे गॅरेजमध्ये होते. मी ताईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, “वेडा आहे तो. त्याला सांग, पुढच्या वर्षी—”

“पुढच्या वर्षी गाडीत दातांचे डॉक्टर असतील.” मग मी म्हटलं, “अहो, पुढचा कार्बोरेटर जास्त ओढत होता.”

“काही नाही.”

“दारावरची घंटा तुम्हाला ऐकू येत नाही. किटलीची शिटी येत नाही. परवा माझा फोन तुमच्या शेजारी वाजून वाजून बंद पडला.”

हे पुढे झाले. आमची हिरवी गाडी सुरू केली, खिळ्यावरची नळी काढली आणि कानाला लावली. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग नळी माझ्यापुढे धरली.

“तुला काय ऐकू येतंय?”

“सूं येतोय. चांगला मोठा आहे.”

ह्यांनी गाडी बंद केली. “मला इंजिन ऐकू येतं. तू बोलतेस ते येतं. सूं येत नाही.”

“कधीपासून?”

“आधी थोडा थोडा यायचा. वाटलं, नळी जुनी झाली. नवीन आणून बघितली, तिच्यातही तेच.” ते स्टुलावर बसले. “मग स्क्रू किती फिरवायचा ते हाताला माहीत होतं, त्याच्या जोरावर चाललं होतं. आपली गाडी रोजच्या हाताखालची, ती जमून गेली, त्याची फसली.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं की ताईला कळणार, ताईला कळलं की त्याला कळणार. कानसेनाला कान नाहीत! मेल्यावरसुद्धा हसेल तो मला. खांदा देताना हसेल.”

“मग हसू दे की.”

“तुला काय जातंय सांगायला,” हे म्हणाले. मी चहा टाकायला गेले. ह्यावेळी कोणी न सांगता.

रविवारी सकाळी हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जणू मुलगी बघायला निघालेत. ताईच्या गल्लीत वळलो तर दातांचे डॉक्टर आधीच आलेले. लाल गाडीभोवती फिरत होते, मधूनच वाकून रेडिएटरच्या जाळीत बघत होते. सवयच ती. भाऊजी पायरीवर उभे, हातात किल्ली. ताई दारात.

ह्यांनी गाडी अर्धवट रस्त्यात सोडली आणि उतरले. “डॉक्टर, घेऊ नका ही गाडी.”

“का हो?”

“चढावर धापा टाकते. बिघडलेली आहे.”

भाऊजींचा चेहरा लाल झाला. “तोंड सांभाळून बोल! माझ्या गाडीत काडीचा बिघाड नाही. कोणी बिघडवली?”

“मी.”

डॉक्टर सरळ उभे राहिले.

“मी जुळवली ना शर्यतीआधी? चुकीची जुळवली. मला ऐकू येत नाही.” हे एवढं मोठ्याने बोलले की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. “बारीक आवाज येत नाहीत मला. वर्ष झालं असेल. अंदाजाने फिरवतोय मी स्क्रू. तुझे हातपाय धड आहेत, गाढवा. माझे कान गेलेत.”

भाऊजी हळूच पायरीवर बसले. आता ते हसणार, असं मला वाटलं. हसले नाहीत. किल्लीकडे बघत म्हणाले, “म्हणजे मी म्हातारा नाही झालो?”

“झालास. पण हरलास त्याचं कारण ते नाही.”

“आणि तू जिंकलास—”

“ते मोजायचं नाही.”

एवढं ऐकल्यावर भाऊजींनी किल्ली खिशात टाकली. डॉक्टरांना म्हणाले, “माफ करा हं. ताई… म्हणजे ही, चहा देईल तुम्हाला.” गोंधळात बायकोलाच ताई म्हणाले. डॉक्टर चांगला माणूस. म्हणाले, “गाडी नाही तर नाही, पण हे जुळवणं मला बघायचंय.” आणि कोट काढून कट्ट्यावर बसले.

बॉनेट उघडून लाल गाडी सुरू केली. ह्यांनी घरून आणलेली नळी भाऊजींच्या हातात दिली. “तू ऐक, मी फिरवतो. पुढचा आणि मागचा सारखा झाला की सांग.”

भाऊजींनी नळी कानाला लावली. पुढे लावली, मागे लावली. पुन्हा पुढे लावली. मग खाकरले.

“काय?” हे म्हणाले.

“मला दोन्ही सारखेच वाटतात.”

“सारखे कसे वाटतील? पुढचा बोंबलतोय, असं हिचं म्हणणं.”

“मला पहिल्यापासूनच सारखे वाटतात.” भाऊजींनी मान खाली घातली. “तू दरवर्षी मला ऐकवायचास ना, बघ कसे एकसुरात आहेत म्हणून? मी मान डोलवायचो. मला त्यातलं कधी ओ की ठो कळलेलं नाही.”

“तीस वर्षं?”

“तू एवढा डोळे मिटून ऐकायचास, मग काय म्हणू?”

दारात ताईला हसू आवरेना. ती पदर खोचून खाली आली. “सरका दोघंही. आण गं ती नळी.” घरातून तिने बागेच्या पाइपचा एक तुकडा कापून आणला. ती पुढच्या कार्बोरेटरपाशी, मी मागच्या. दोन बहिणी, दोन कानांत दोन नळ्या, आणि दोघींचे नवरे मध्ये वाकलेले.

“माझा मोठा आहे,” ताई म्हणाली.

“तुझा लहानपणापासून मोठाच असतो.”

“गप्प बस. अहो, पुढचा कमी करा. कमी! तो जास्त झाला.”

“ताई, आता माझा वर गेला.”

“तुला नेहमी असंच वाटतं.”

“अगं, बदलून ऐक ना!”

आम्ही जागा बदलल्या, नळ्या बदलल्या, भांडलो, पुन्हा बदलल्या. हे ताईकडे बघून माझ्याकडे बघत, आणि केसाएवढा स्क्रू फिरवत. हात तेच होते. ह्यांच्या बोटांचं कसब कुठे गेलं नव्हतं. एका क्षणी ताई बोलायची थांबली, मीही थांबले. दोघींनी एकदमच मान वर केली. इंजिन इतकं शांत चाललं होतं की मडगार्डवर ठेवलेल्या कपातला चहा हलत नव्हता. ह्यांनी तो कप बघितला, आणि मग ताईच्या तोंडाकडे.

“झालं?”

“झालं,” ताई म्हणाली.

भाऊजींनी हातमोजे चढवले. “चल टेकडीवर.”

“आत्ता?”

“मग कधी, पुढच्या वर्षी? डॉक्टर आहेतच. घड्याळ तेच लावतील.”

रविवारचा रस्ता रिकामा होता. आधी हे गेले, जीव तोडून गेले. मी वर उभी होते, मला वळणावरच कळलं की ह्यांनी काही हातचं राखलेलं नाही. मग लाल गाडी आली. खोकली नाही, अडखळली नाही, एका श्वासात वर आली. डॉक्टरांनी घड्याळ बघून भाऊजींच्या पाठीवर थाप मारली.

भाऊजी गाडीतून उतरले नाहीत, उडी मारून बाहेर आले. मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? हिरवी गाडी म्हणजे चाकं लावलेली तेलाची बाटली. ह्यांचं चालवणं म्हणजे बैलगाडीवाल्याने विमानात बसणं. क्लबात आता फलक लागणार, कार्बोरेटर जुळवून मिळतील, ऐकण्याची सोय नाही. हे बॉनेटला टेकून शांत उभे होते, उन्हात डोळे बारीक करून. हरलेला माणूस इतका सुखात मी पाहिला नव्हता.

भाऊजी दम खायला थांबले. मग जवळ आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, “ए. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर.”

“पुढच्या आठवड्यात जाऊ,” हे म्हणाले. “आधी तुझं बोलून संपू दे.”