ओढ्याच्या अलीकडचं आमचं

माझ्या बाबांना कुणी काही समजावू शकत नाही, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढते. अख्खं गाव माझ्याकडे येऊन हद्द कुठे ते विचारतं. बाबा मात्र म्हणायचे, "तू तुझी टेप सांभाळ, मी माझी जमीन सांभाळतो."

बाबा सुतार आहेत. काका फुलझाडांची रोपं वाढवून विकतात. दोघांच्या मधून एक ओढा जातो, आणि आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद आहे: ओढा वाहील ती हद्द, अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. आजोबांना वाटलं असणार, ओढा काय, तो कुठे जातोय. असं वाटून घेणारी माणसं होती म्हणूनच आमचं कार्यालय चालतं.

ओढा बाबांच्या कारखान्याला तिन्ही बाजूंनी वळसा घालून जायचा. चौथ्या बाजूला एक निमुळती पट्टी, तिच्यावरून घराकडे यायची वाट. आता वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जोरात धावतं आणि तिथला काठ खातं. आतल्या अंगाला ते मंदावतं आणि गाळ टाकतं. बाहेर काका, आत बाबा. दर पावसाळ्यात काकांची दोन हात जमीन जायची आणि बाबांची दोन हात वाढायची. बाबा त्या नव्या वाळूवर खुर्ची टाकून चहा प्यायचे, तेही काकांना दिसेल अशा बेतानं.

अकरा वर्षांपूर्वी काकांची गुलाबांची अख्खी रांग ओढ्यात गेली. काका रडकुंडीला येऊन बाबांकडे आले. बाबा म्हणाले, "कागद वाच." तेव्हापासून बोलणं बंद. निरोप द्यायला मी होतेच. नकाशे काढून उरलेल्या वेळात मी दोन म्हाताऱ्यांची टपालपेटी.

एवढ्यावर समाधान मानतील तर ते बाबा कसले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वळणाच्या तोंडाशी ओढ्यात दगड टाकायला सुरुवात केली, पाणी काकांच्या काठावर आणखी जोरात आपटावं म्हणून. रोज फिरायला जाताना पिशवीत एक दगड. फिरणं तब्येतीसाठी, असं घरात सांगायचे.

मी कपाळाला हात लावला. त्यांच्यासमोर कागद ठेवून चित्र काढून दाखवलं: पाणी पलीकडे आपटेल, तिथून उलटून आपल्या पट्टीला धडकेल. एक दिवस पट्टी फुटेल आणि ओढा वळसा सोडून सरळ जाईल. "मग कारखाना ओढ्याच्या पलीकडे जाईल, बाबा. म्हणजे काकांचा होईल. कागद वाचा."

"ओढ्याला काय कळतंय," बाबा म्हणाले आणि माझ्या चित्राच्या पाठीवर खिडकीची मापं लिहिली.

तेच चित्र मी काकांनाही दाखवलं. का दाखवू नये? काठ त्यांचा जात होता. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि मला पेरू कापून दिला.

यंदा तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी बाबा किल्ल्या घेऊन कारखान्याला निघाले आणि अर्ध्या वाटेवर थांबले. वाट संपली होती. पट्टी होती तिथून ओढा सरळ, तोऱ्यात चालला होता. पलीकडे कारखाना, चाळीस वर्षांची हत्यारं, अर्धवट रंधा मारलेलं टेबल. जुन्या वळणात नुसतं गुडघाभर पाणी साचून राहिलं होतं, आणि त्यात काकांची बदकं पोहत होती.

बाबा तिथेच वाटेवर बसले. मी "सांगितलं होतं ना" म्हणायला तोंड उघडलं, पण बाबा जुडग्यातून कारखान्याची किल्ली वेगळी काढायला लागले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड मिटलं. माझ्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

समोरच्या काठावर काका आले. हातात त्यांच्याकडची कागदाची नक्कल. गेली बाजी, मला वाटलं.

"दादा," काका पाण्यावरून ओरडले, "तुझे दगड मी रोज मोजत होतो. सातशे चार."

"मग काढले का नाहीस?" बाबा.

"कशाला काढू? पोरीनं चित्र काढून दिलं होतं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओढ्याकडे पाहायला लागले.

"कारखाना माझ्यात आला," काका म्हणाले. "तू काम कर तिथं, मी नाही म्हणत नाही. पण पूल आहे तो वरच्या अंगाला, आणि त्याची वाट माझ्या अंगणातून. रोज तिथूनच यावं लागेल. आणि आधी माझ्या स्वयंपाकघराचं दार बघ. अकरा वर्षं लागत नाहीये."

"अकरा वर्षं? गावात दुसरा सुतार नव्हता?"

काका कागदाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "होते की. तीन होते."

बाबा उठले. पुलावरून फेरा मारून गेले, मी मागे. दार उतरवलं, कारखान्यातून रंधा आणून मारला, पुन्हा बसवलं. दोघं लाकडाच्या जातीवरून भांडले, अगदी मनसोक्त. निघताना मी दार लावून पाहिलं. खाली बोटभर अजून घासत होतं. आजवर बाबांच्या हातून असं दार गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बाबा, राहिलंय की अजून," मी म्हणाले.

"तू तुझी टेप सांभाळ," बाबा म्हणाले आणि रंधा काकांच्याच फळीवर ठेवून कारखान्याकडे निघाले.