सहा पायांची अट

सासूबाईंच्या बोटांच्या बेचक्यांतून रक्त आणि चिकट पाणी झिरपत होतं, आणि सून तोंड फिरवून ते पुसत होती. म्हातारीचं महिनाभर एकच पालुपद, "अगं, कातडीखाली किडे फिरतायत." चादरी उकळल्या, गादी उन्हात टाकली, तरी नखं काही थांबेनात.

घरात कीटकशास्त्राचा प्राध्यापक असताना बाहेर कशाला विचारायचं? मुलाने आईची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि डॉक्टरांना फोनवर ठणकावून सांगितलं, "एकही कीटक नाही." एवढ्या विद्वानापुढे डॉक्टर तरी काय बोलणार? भास होतायत म्हणाले. उद्या सकाळी म्हातारीला मनोरुग्णालयात ठेवायचं ठरलं.

आज भांडी घासताना सुनेच्याच बेचक्यांना खाज सुटली. अशी, की काथ्यानेच खरवडावंसं वाटावं. भास काय असे एकाचे दुसऱ्याला लागतात? ती तडक नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, त्या काचेवर काहीच नव्हतं?"

"होतं की." त्याने चहाचा घुटका घेतला. "खरजेचे जीव होते. त्यांची अंडी, विष्ठा. पण पाय आठ! कीटकाला सहा पाय लागतात, शरीराचे तीन भाग, डोक्यावर मिशा. हे कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातले. आमच्या प्रयोगशाळेत असलं काही आलं की सरळ कचऱ्यात."

"आणि आई?"

"डॉक्टरांनी कीटक आहेत का, एवढंच विचारलं. मी चुकीचं उत्तर कसं देणार?"

ना लाज, ना खंत. उलट पेपर बरोबर सुटल्याचं समाधान. त्या जिवांची तिला इतके दिवस शिसारी येत होती, पण ते बिचारे पोटासाठी कातडी पोखरत होते. ह्या माणसाशेजारी आपण इतकी वर्षं झोपलो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

तिने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं आणि ती सासूबाईंच्या खोलीत धावली. तिला पाहताच म्हातारी उठून बसली.

"सूनबाई, किडेबिडे काही नाहीत हं," ती घाईघाईने म्हणाली. "मला अगदी बरं वाटतंय. उद्या नका नेऊ मला."

आणि पांघरुणाखाली तिची नखं कराकरा चालूच होती.