बापूसोंचं सिमेंट

त्र्यंबकनं ठोकळा उचलायला हात लावला आणि त्याचा कोपरा ओल्या वाळूसारखा सुटून बोटांत आला. शेजारचाही तसाच.

"राख आहे यात," तो म्हणाला. "बापूसोंनी सिमेंटात राख मिसळलीय."

"उगीच काहीतरी!" नंदिनी साचा धुता धुता म्हणाली.

त्र्यंबक हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. गवंडी न लावता, एक लाकडी साचा करून घेऊन, दोघं नवराबायको रंकाळ्यापलीकडच्या तुकड्यावर आपलं घर आपणच उभं करत होती. शिवाजी पेठेतली भाड्याची खोली पाडव्याला सोडायची होती. सरकारी परवान्यावरचं सिमेंट पहिल्या खेपेलाच संपलं, तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या बापूसोंनी विहिरीसाठी आणलेल्यातली चार पोती आपणहून दिली. ते 'आपणहून'च आता त्र्यंबकला खुपू लागलं. पहिल्या खेपेचे ठोकळे, कोपरे उडाले तरी, टणक होते. वाळू तीच, साचा तोच. बदललं ते सिमेंट. शिवाय बापूसोंचं गुऱ्हाळ चालू होतं, चुलवणापाशी राखेचा ढीग. कुंपणाशी थांबून ते हसत, तेसुद्धा आता त्याला निराळं वाटायला लागलं.

तो तडक गुऱ्हाळावर गेला आणि बोलून मोकळा झाला.

बापूसोंचं हसू मावळलं. "राख म्हंतासा, मास्तर? त्याच सिमेंटनं मी माझी हीर बांधतोय की. सवताच्याच हिरीत पडून मरायचं हाय व्हय मला?"

रोज पुढं येणारा रसाचा पेला त्या दिवशी आला नाही.

परतताना विहिरीची गोष्ट त्र्यंबकच्या डोक्यातून जाईना. तुकड्यावर येताच त्यानं बापूसोंच्याच पोत्यातलं मूठभर सिमेंट तांब्यातल्या पाण्यात कालवून वाटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती वडी खिळ्यानंही ओरखडेना.

म्हणजे सिमेंट चोख. मग बदललं काय? वाटीत प्यायचं पाणी होतं, ठोकळ्यांत पिंपातलं.

पिंपाच्या काठावर मुंग्यांची रांग होती. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. गोड!

"बघ!" तो ओरडला. "पिंपात गूळ कालवलाय कुणी तरी. आणि इथं गूळ कुणाकडं असतो? राख नाही तर गूळ! आज मी त्यांना सोडत नाही."

तो निघालाही. नंदिनी आडवी आली.

"थांबा. तो मी घातलाय."

"तू?"

"कोपरे उडत होते ना? नेसरीला आमच्या आण्णांनी विहीर बांधली, तेव्हा चुन्यात गूळ घालून घाणी फिरवलेली मी पाहिलीय. अजून चिरा हललेला नाही. म्हणून पिंप भरलं की दोन ढेकळं टाकत होते."

"अगं, चुन्याला चालतो तो! साखर पडली की सिमेंट आळत नाही. विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही हसला असता."

ते खरं होतं. तो हसलाच असता.

"आणि गूळ कुठला?"

"अक्काताईंनी दिला." अक्काताई म्हणजे बापूसोंची बायको. "घर गोड होऊ दे म्हणाल्या."

सिमेंट आणि पाणी, दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि त्र्यंबकनं एकच धरली होती. तीही माणसासकट. त्यानं पिंप ओतलं, घासलं, मग वाटीतली वडी घेऊन बायकोबरोबर गुऱ्हाळावर गेला.

"आता काय घावलं, मास्तर? शेण?" बापूसोंनी मान वर केली नाही.

"सिमेंट चोख आहे. माझंच चुकलं." त्यानं वडी पुढं ठेवली.

बापूसोंनी ती दगडावर आपटून बघितली. "मग ठोकळं इरघळलं कशानं?"

"माझ्या गुळानं," नंदिनी म्हणाली.

आतून अक्काताईंचं हसू ऐकू आलं. बापूसो मात्र हसले नाहीत. त्यांनी रसाचा पेला भरला, त्र्यंबकसमोर धरला, परत मागं घेतला आणि त्यातला एक घोट आधी स्वतः प्याले.

"घ्या," ते म्हणाले. "राख न्हाय."