उजव्या पाकळीचा होकार

एकतीस सालच्या चैत्रात भाट्ये गावच्या भिकोबाबुवांच्या अंगणात मुंगीला वाव नव्हता. काळ्या पाषाणावर बुवा दोन पाकळ्या चिकटवीत आणि गाऱ्हाणे घालीत. उजवी आधी गळाली की देवाचा होकार, डावी गळाली की नकार. बुवांचा देव मोठा मनमिळाऊ! बुवांना नकार म्हणून त्याने कधी दिला नाही.

त्या दिवशी काशीराम आपल्या मथुरेला घेऊन आला. दहा वर्षांची पोर. दुखणे एवढेच, की ती प्रश्न विचारू लागली होती.

दोष शाळेतल्या नव्या आगाशे मास्तरांचा. जुने मास्तर धडा संपवून विचारीत, "कळलं?" वर्ग सुरात म्हणे, "होऽऽय!" जमा रोज पुरी, शिल्लक शून्य. आगाशे मास्तर प्रश्न टाकून गप्प बसत. पोरे चुळबुळत, पण मास्तर हलत नसत. कोणी उत्तर दिलेच, तर म्हणत, "कशावरून?"

"घरीपण तेच चालवलंन, बुवा," काशीराम म्हणाला. "धूर वरच का जातो, म्हणून आईला विचारते!"

बुवांनी डोळे मिटले. "शाळेमागच्या चिंचेवरचं आहे. जबरी आहे." मग पाकळ्या लावून म्हणाले, "देवा महाराजा, पोरीला शाळेतून काढायची ना?"

उजवी गळाली. लोकांनी हात जोडले. मथुरेचे डोळे भरले, पण ती म्हणाली, "बुवा, परत लावा. आता मी विचारते."

"गप गो!" काशीराम ओरडला.

"विचारू दे की," गर्दीत मागे येऊन उभे राहिलेले आगाशे मास्तर म्हणाले. "देव काय पोरींशी बोलत नाही?"

लोक हसले. बुवांना पाकळ्या लावाव्याच लागल्या.

"देवा महाराजा, मला शाळेत ठेवायची ना?"

पुन्हा उजवीच गळाली!

"आता रे? देव फिरला?" कोणीतरी पुटपुटले.

"पोरीच्या आवाजाने देव बिथरला!" बुवा गरजले.

"मी प्रश्न उलटा केला, तरी पाकळी तीच पडली," मथुरा म्हणाली. "म्हणजे ती ऐकतच नाही."

काशीराम पुढे झाला. त्याने डावी पाकळी ओढली, तशी पांढरी तार लांबली. फणस फोडून हात कळकट झालेल्या माणसाला ओळख पटायला कितीसा वेळ!

"चीक! मेल्या, हिला फणसाचा चीक लावलायस!"

उजवी नुसत्या पाण्यावर चिकटलेली. वाळली की सुटणारच. काशीरामाने मथुरेला मास्तरांपुढे उभी केली. "मास्तर, हिला ठेवा शाळेत. धुराचं मला ठाऊक नाय, तुम्हीच बघा."

वाचकहो, 'होय' ऐकण्यासाठीच विचारलेला प्रश्न, वर्गात असो की देवापुढे, प्रश्नच नव्हे. तो एकदा उलटा करून विचारा. उत्तर तेच आले, तर उत्तर देणाऱ्याची बोटे तपासा.