खोडरबराचं बूच

खोडरबराचा तो तुकडा – मूळचा गुलाबी, आता डिझेलने काळवंडलेला – नळीच्या तोंडात इतका घट्ट बसला होता की नळी बनवणाऱ्यानेच तो तिथे बसवला असावा असं वाटावं. तिच्या उशीपासून हातभर अंतरावर, फळीच्या कोपऱ्यात. ती कुशीवर पडून त्याच्याकडे बघत होती. हल्ली जाग आली की पहिली नजर तिथेच जायची. बाहेर नवरा शीळ घालत पाने-पकडी मांडत होता, म्हणजे आज पुन्हा त्याला आशा वाटत होती.

नातीचा खोडरबर. मुलीच्या घरून निघताना सामानात कसा आला कोण जाणे, पण आला, आणि तिने तो भाजीच्या सुरीने तासतासून नळीच्या मापाचा केला. नळी टाकीची. ट्रक तसा छोटाच. त्याच्या पाठीवर नवऱ्याने स्वतःच्या हातांनी खोली बांधली – पलंग, शेगडी, वाटीएवढं बेसिन. तो तिला बंगला म्हणायचा, ही मनात डबा म्हणायची. आणि नदीनाले ओलांडताना टाकीत पाणी शिरू नये म्हणून या शहाण्याने टाकीची हवेची नळी आतून वर आणली, ती थेट बायकोच्या उशाशी. रात्रभर डिझेलचा वास. अहो, वास येतो हो... मला तर येत नाही बुवा. झालं, विषय संपला. त्याला न येणारा वास जगात असूच शकत नव्हता. म्हणून मग रात्री बूच लावायचं, सकाळी आठवणीने काढायचं – आणि एका सकाळी ते राहिलं. चढावर गाडीने आचके दिले, दोनदा खोकली, आणि जागच्या जागी बसली.

खालच्या गावातून मिस्त्री आला. डिझेल आहे की नाही बघायला त्याने टाकीचं झाकण फिरवलं, तेव्हा टाकीने सूंऽऽ करून हवा ओढली. घट्ट बसलेली बरणी उघडावी तशी. जन्मभर बरण्या उघडलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? डिझेल बाहेर जातंय आणि त्याच्या जागी आत हवा येत नाहीये, एवढंच. बूच नळीतच राहिलं होतं. तेवढ्यात गाडी सुरू झाली, श्रेय नव्या फिल्टरला मिळालं, आणि थोडं पुढे जाऊन ती परत बंद पडली, मग ओढून मिस्त्रीच्या वर्कशॉपवर आणली. मिस्त्री काही अडाणी नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हवेची नळी तपासली का म्हणून. नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नळी मी स्वतः टाकलीय, नवी कोरी, ती सोडून बोला. मग मिस्त्रीने ती सोडून बाकी सगळं खोललं.

त्याच संध्याकाळी ती सांगणार होती. बोटं बुचावर होती, ओठांवर वाक्य तयार होतं – अहो, रागावू नका, पण... आणि नेमकी मिस्त्रीची बहीण दाराशी आली. ताई म्हणायचे तिला सगळे. वर्कशॉपच्या मागे एक खोली होती, एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात रचलेले टायर. ताईने टॉवेल हातात दिला, गरम पाण्याची बादली दाखवली आणि जाता जाता म्हणाली, "आतून कडी लावून घ्या."

कडी. तिने ती लावली आणि कडीवरचा हात काढायचं तिला सुचेना. डब्यात कड्या होत्या, पण कपाटांना, खड्ड्यात दारं उघडू नयेत म्हणून. माणसाला नव्हती. पलंग दुमडला की बाकडं, बाकडं उलगडलं की टेबल, आणि या सगळ्यात दोन माणसं, एकाने कूस बदलली की दुसऱ्याने बदलायची. रडायचं झालं तरी नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून रडायचं, आणि त्याने विचारायचं, काय गं, डोळ्यांत काही गेलं का? त्या दिवशी ती त्या खोलीत न रडता नुसती बसून राहिली. किती छान बसली होती! आणि परतल्यावर हात बुचाकडे गेलाच नाही. त्यानंतर रोज अंघोळीच्या निमित्ताने ती खोली, ती कडी... आणि ही मूग गिळून गप्प.

या फिरत्या बंगल्यासाठी राहतं घर विकलं तेव्हा सही तिनेही केली होती. कुणी हात धरून करायला लावली नव्हती. तुला आवडेल ना, त्याने विचारलं होतं, आणि विचारताना त्याचे डोळे असे लकाकले होते की नाही म्हणणं जिवावर आलं. मीच म्हणाले हो. आता कुणाच्या नावाने बोटं मोडू? वाईट असता तर सोपं गेलं असतं. वाईट नव्हता ना! तिच्या कमरेला लागू नये म्हणून कपाटांचे सगळे कोपरे त्याने कानशीने घासून गोल केले होते, आणि त्या गोल कोपऱ्यांमध्ये तिचा जीव गुदमरत होता, आणि हे तोंडाने कुणाला सांगायची सोय नव्हती.

चहा झाल्यावर दोघे पुरुष चक्कर मारायला निघाले. गाडी फाटकापाशीच बंद पडली. ढकलून आत आणली. शीळ थांबली.

मिस्त्री चिंधीला हात पुसत राहिला. मग म्हणाला की आता पंपच उरला. खोलून शहरात पाठवावा लागेल, आणि एकदा खोलला की तो पहिल्यासारखा होईल याची खात्री कोणी देणार नाही, असले पंप आता येतच नाहीत. नवरा मागच्या पायरीवर बसला. तळहात उलटेसुलटे करून बघत होता, हात दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

"माझंच काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "कुठे ते कळत नाही. देऊन टाकू भंगारात."

हेच हवं होतं ना तुला? ती दारात उभी होती, हातात न विसळलेले कप. भंगारात. म्हणजे कुठेतरी एक खोली, दाराला कडी. नुसतं गप्प राहायचं, तेवढं तर तिला छान जमत होतं... पण त्याचे ते हात! हात अजून तसेच उलटेसुलटे होत होते.

मिस्त्रीने वर बघितलं. "काकू, टाकी तुमच्या पलंगाखाली. तुम्हाला कधी काही जाणवलं का? आवाज, वास?"

वास! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. तिचं तोंड उघडलं.

"तिला काय कळणार यातलं," नवरा म्हणाला. टाकून बोलला नाही तो, दमून बोलला. पण तिचं तोंड मिटलं ते मिटलंच, आणि दया आणि संताप असे एकदम उसळले की कोणतं कुठलं ते तिला कळेना.

ती आत गेली. पलंगावर गुडघा टेकला, बुचाला नखं लावली. निघेना. मग निघालं, आणि पलंगाखाली टाकीने लांब, लांब श्वास ओढला. तो संपेपर्यंत ती तशीच थांबली. बूच कमरेला खोचलं.

बाहेर येऊन म्हणाली, "पंप काढायच्या आधी एकदा सुरू करून बघा."

आत्ताच तर बघितली, नवरा म्हणाला. काकू म्हणतात तर बघू, मिस्त्री म्हणाला. गाडी सुरू झाली. फाटकाबाहेर गेली, वळणाआड गेली. ती फाटकाशी उभी राहिली. गाडी पहिल्यांदाच तिला मागे ठेवून गेली होती, आणि आवाज लांब जात होता तसतसे तिचे खांदे सैल होत होते. मग पलीकडच्या उतारावरून हॉर्न वाजला, आनंदाने, लहान मुलासारखा, आणि आवाज परत जवळ येऊ लागला.

संध्याकाळी नवरा मिस्त्रीला नकाशा दाखवत होता. बघितलंत, हिला नुसती विश्रांती हवी होती, असं गाडीबद्दल सांगत होता. मिस्त्री हसला नाही. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग नकाशाकडे. ताईची खोली तिने झाडून दिली होती, कडी बाहेरून लावली होती. उद्या उजाडताच निघायचं.

तिने बाकडं उलगडून पलंग केला, उशी नीट ठेवली आणि आडवी झाली. उघड्या नळीतून वास येत होता. तो छातीत भरून घेत ती पडून राहिली. हात कमरेशी होता, खोडरबराच्या तुकड्यावर. त्याच्या कडा तिला पाठ होत्या. बाहेर शीळ सुरू झाली. पुढचा घाट केवढा आहे, कुठल्या वळणावर गाव लागतं, तिथे कुणाकडे मागची खोली असेल...

आज नाही लावायचं, ती स्वतःशी म्हणाली. आज नाही.