मलिवानचं पुस्तक मी राखलं

मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहणारी एक हार्ड डिस्क बोलतेय. डबा बघून नाक मुरडू नका. फेच्बुरी गावात विहाराच्या भिंतीला लागून लमदुआनबाईंचा छोटासा छापखाना आहे, आणि त्या छापखान्याची अब्रू एकदा मी वाचवली आहे. स्वतःच्या तोंडाने सांगतेय खरी, पण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्याइतका माझा स्वभाव गरीब नाही.

माझा जन्म इथलाच, थायलंडमधल्याच एका कारखान्यात झाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या, तोंड झाकलेल्या बायांनी मला जोडलं. माझ्या पोटात एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर तुम्ही द्याल ते मी लिहून ठेवते. बहिणी देशोदेशी गेल्या. मला लमदुआनबाईंच्या भाच्याने, पिचितने, बाजारातून विकत आणलं आणि आत्याच्या टेबलावर ठेवलं.

आमच्याकडे माणूस गेलं की दहनाच्या दिवशी आलेल्यांना त्याचं पुस्तक वाटतात. त्यात त्याचे फोटो असतात, आयुष्याची हकिकत असते, कधी त्याच्या हातच्या आमटीची कृतीही असते. लमदुआनबाई तीच पुस्तकं छापतात. या धंद्यात उशीर चालत नाही. लग्नाची पत्रिका चार दिवस उशिरा आली तर लोक कुरकुर करतात, पण दहन झाल्यावर आलेलं पुस्तक घेऊन कोणी काय करायचं?

पिचित कॉम्प्युटरची दुरुस्ती करतो. त्याने पहिल्याच दिवशी बाईंना बजावलं, "आत्या, दुकान बंद करताना हिला कॉम्प्युटरला जोडायचं, दिवसभराचं काम हिच्यावर उतरवायचं आणि लगेच सोडवून दुसरीकडे ठेवायचं. ही आणि कॉम्प्युटर एकाच ठिकाणी राहिले तर चोर दोघांना नेईल, आणि पाणी शिरलं तर दोघं बुडतील."

बाईंनी मान डोलावली. पण बाईंची मान आणि बाईंची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी. कॉम्प्युटर अपडेट मागायचा, बाई 'नंतर' दाबायच्या. तो पुन्हा मागायचा, बाई पुन्हा 'नंतर' दाबायच्या. माझंही तेच झालं असतं. पण बाईंनी एक युक्ती काढली. माझ्या पोटात गावातली गेलेली माणसं आहेत, त्यांना कुलूपबंद दुकानात एकटं टाकून घरी जायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मग रोज संध्याकाळी प्रत उतरली की त्या मला डब्यात ठेवायच्या, वर मोगऱ्याची माळ घालायच्या, हात जोडायच्या आणि गल्ली ओलांडून विहारात भंतेंच्या कपाटात ठेवून यायच्या. भंते हसायचे, पण कपाटाला न विसरता कुलूप लावायचे. पिचितचा नियम बाई विसरल्या असत्या. हा नेम त्या विसरल्या नाहीत.

मला मात्र याचा राग यायचा. त्या कॉम्प्युटरचा थाट काय वर्णावा! भंतेंनी त्याच्या कपाळावर पांढऱ्या गंधाचे ठिपके लावलेले, समोर पंखा, दिवसभर माणसांची ये-जा. आणि मी? संध्याकाळी घटकाभर जोडायची, की चालली डब्यात. कायम जोडून ठेवलं तर यांचं काय बिघडतं, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन.

त्या थोड्याशा वेळात उतरणाऱ्या पानांतून माझी एका बाईशी ओळख झाली. तिचं नाव मलिवान. बाजारात मो-केंग विकायची. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून भाजलेली वडी, वर तळलेला कांदा. तिला लिहिता येत नव्हतं. दुपारी विक्री आटोपली की ती छापखान्यात येऊन बसायची, बर्फ घातलेली कॉफी प्यायची आणि आपलं आयुष्य सांगायची. लमदुआनबाई ते टाईप करायच्या. आपण गेल्यावर आपलं पुस्तक दुसऱ्याच्या शब्दांत निघू नये, एवढाच तिचा हट्ट होता. तिचे फोटोही आधीच इथे उतरवलेले होते. मूळ आल्बम पुढे पुरात गेला. म्हणजे तिचं सारं आयुष्य जगात दोनच ठिकाणी होतं. एक त्या गंधवाल्या कॉम्प्युटरमध्ये आणि दुसरं माझ्यात.

काय एकेक सांगायची! घरच्यांना न विचारता होडीवाल्याशी लग्न केलं ते, पहिल्या दिवशी सगळी मो-केंग करपली ते, आपला माल फार गोड आहे म्हणणाऱ्यांची नावं. "माझं पुस्तक निघू दे, मग बघा," असं ती अख्ख्या बाजाराला सांगत फिरायची. अर्धा बाजार उत्सुक होता आणि अर्धा धास्तावलेला.

एक दिवस मलिवान गेली. विहारात मंत्रपठण सुरू झालं. लमदुआनबाई रोज संध्याकाळी तिकडेच बसायच्या, आणि त्या गडबडीत माझा नेम चुकला. मी कपाटातच राहिले.

दहन दोन दिवसांवर आलं होतं, तेव्हा छापखान्यात एक मेल आली. वडील वारले, फोटो जोडले आहेत, कृपा करून लवकर बघा, असं त्यात लिहिलं होतं. नाव अनोळखी होतं. दुसऱ्या कोणी क्षणभर विचार केला असता. पण दुःखात असलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत. चोराने नेमकी तीच हेरली होती. बाईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि फाईल उघडली.

बघता बघता सगळ्या फाईलींची नावं बदलली, एकही उघडेना. पडद्यावर मजकूर आला की सगळं आमच्या कुलपात आहे, किल्ली हवी तर पैसे मोजा. रक्कम वाचून छपाईयंत्रावरचे बुनलूदादा मटकन खाली बसले. लमदुआनबाई नाही बसल्या.

"मेलेल्या माणसांना ओलीस धरणारा हा कोण दळभद्री?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी आधी इंटरनेटची वायर उपटली, मग पिचितला फोन केला आणि धावत येऊन मला कपाटातून काढलं.

त्या मला घेऊन परतल्या तेव्हा मलिवानची मुलगी सायपिन दारात उभी होती. बुनलूदादांनी तिला सगळं सांगितलेलं होतं. रडून तिचे डोळे आधीच सुजले होते, त्यात हे. तिने माझा डबा ओढून घेतला, मला बाहेर काढलं आणि जोडायची वायर हातात घेतली.

"मावशी, आईने सगळ्या बाजाराला सांगून ठेवलंय. लोक हात पुढे करतील तेव्हा काय देऊ मी? सगळेच वाटतात ती सर्दीत हुंगायची डबी नुसती?"

"जोडू दे ना तिला," बुनलूदादा म्हणाले. "हात बांधून बसून काय होणार?"

इतकी वर्षं मला जोडून ठेवा म्हणून मी कुढत होते, आणि आता तीच वायर मला नको होती. त्या यंत्रात तो दरोडेखोर अजून दबा धरून होता. वायर लागली असती तर त्याने मलाही टाळं ठोकलं असतं आणि मलिवान दुसऱ्यांदा गेली असती. मला ओरडता येत नाही. ते दुःख मला त्या दिवशी कळलं.

लमदुआनबाईंनी आपला तळवा माझ्यावर ठेवला. "सायपिन, हात काढ. चोर अजून घरातच आहे, पोरी. आपणच उठून त्याच्या हातात दुसरी किल्ली द्यायची का?"

"आणि हिच्यात काहीच नसलं तर?"

"नसलं तर मी तुझ्या आईची माफी मागेन. पण पिचित येईपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही."

पिचित आला तो स्वतःचा स्वच्छ लॅपटॉप घेऊन. त्याने पोलिसांसाठी पडद्याचा फोटो काढला, आजारी कॉम्प्युटर बंद करून बाजूला ठेवला आणि मगच मला आपल्या लॅपटॉपला जोडलं. मी फिरू लागले. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. चकतीवर कुठे ओरखडा असला तर? शेवटचे दिवस तर माझ्याकडे नव्हतेच.

पहिला फोटो उघडला. होडीत बसलेली तरुण मलिवान, मांडीवर मो-केंगचा ट्रे, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघतेय जणू फोटोवाल्याकडे हिचे पैसे राहिलेत. सायपिन हसली आणि हसता हसता जमिनीवरच बसली. मग दुसरा फोटो, तिसरा, मग मलिवानचं सगळं बोलणं, शब्दन् शब्द. एकही पान मी अडवलं नाही. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी कुठे साठवू, सांगा! पुढचं काही करण्याआधी पिचितने माझ्यावरून आणखी एक प्रत काढून घेतली.

शेवटच्या दिवसांत केलेली पानांची मांडणी तेवढी गेली होती. बाईंनी आणि बुनलूदादांनी ती नव्याने केली; सायपिन शेजारी बसून भात भरवायची आणि घाई करायची. चोराला मागितलेल्या पैशांतला एक बाटही मिळाला नाही.

दहनाच्या दिवशी विहाराच्या अंगणात प्रत्येकाच्या हातात पुस्तक होतं. बाई परत येऊन मला सांगत होत्या, तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. लोक जेवण सोडून वाचत होते, एकमेकांना पानं दाखवत होते, गोड म्हणणारे आपापली नावं शोधत होते. दहनाच्या मांडवात इतकं हसू गावाने कधी ऐकलं नव्हतं, आणि भंतेंनी कोणाला गप्प केलं नाही. सायपिनने एक प्रत माझ्या डब्याजवळ आणून ठेवली आणि माझ्यासमोर हात जोडले.

त्या दिवसानंतर दुकानाची रीत थोडी बदलली. अनोळखी मेल आली तर बाई फाईल उघडत नाहीत, आधी फोन करून त्या माणसाशी दोन शब्द बोलतात. दुःखातल्या माणसाला फाईलपेक्षा तेच जास्त हवं असतं, असं त्यांच्या लक्षात आलं. 'नंतर' दाबणंही बंद झालं. माझ्या जोडीला एक धाकटी डिस्क आली; एक विहारात असते तेव्हा दुसरी पिचितच्या घरी. महिन्यातून एकदा तो आमच्यावरची एखादी फाईल उघडून बघतो. जपून ठेवलेलं उघडतंय की नाही हे कोणी तरी बघायला हवंच.

आता मी म्हातारी झालेय. फिरताना पोटात टकटक वाजतं. पिचित म्हणतो, हिला आता आराम द्या. माझी तक्रार नाही. तुमच्याही दुकानात, दवाखान्यात, शिवणाच्या टेबलावर माझी एखादी बहीण असेल. काम झालं की तिला सोडवा आणि लांब नेऊन ठेवा. ती रुसेल, रुसू दे. मीही रुसले होते.

परवा लमदुआनबाईंनी स्वतःचा एक फोटो आणला. केस रंगवलेले, ओठ लाल, हसू कानापर्यंत. तो त्यांनी माझ्यावर उतरवला, मग धाकटीवर, आणि बाजूला लिहिलं, 'माझं पुस्तक, पान पहिलं'. बुनलूदादा म्हणाले, "एवढी घाई कसली?"

"घाई कुठेय?" बाई म्हणाल्या. "पण माझ्या माणसांना मी कोणाच्या हवाली करतेय ते मला ठाऊक आहे. स्वतःला दुसरीकडे कुठे ठेवू?"